बंदराची राखण आणि माहितीची देवाणघेवाण
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षणाचे महत्त्व, शिस्त, परीक्षेची तयारी असे विषय मांडले जातात. ते आवश्यकच आहेत. यंदा मात्र मी थोडा वेगळा विषय घेतला आहे. बंदरांची सुरक्षा, त्यासाठी वापरली जाणारी नवी साधने आणि माहितीची देवाणघेवाण. विषय ऐकून काही पालकांच्या चेहऱ्यावर हसू आले, ते मी पाहिले. हिंगोलीला समुद्र कुठे आहे? आपली कयाधू उन्हाळ्यात कोरडी पडते आणि मास्तर बंदराच्या गोष्टी सांगायला निघाले! आपल्यापासून मुंबई साडेपाचशे किलोमीटरहून दूर आहे. आपल्यातल्या कित्येक मुलांनी समुद्र फक्त चित्रात पाहिला आहे.

तरीही मी म्हणेन की बंदर आपल्या घरात आहे. वसमत आणि हिंगोलीच्या बाजारात जी हळद येते, तिच्यातली बरीचशी परदेशी जाते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती हळद परदेशी पोहोचते ती न्हावा-शेवाच्या बंदरातून, कंटेनरात बसून. आपल्या शेतातल्या खताचा, मोटारसायकलमधल्या पेट्रोलचा, हातातल्या मोबाईलच्या सुट्या भागांचा मोठा वाटा समुद्रावरूनच येतो. आणि आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींना तर हे वेगळे सांगायला नको. १९९५ पर्यंत हजला जाणारी माणसे मुंबईहून जहाजाने जेद्दाहला जात. साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम करायचा, मग सामान घेऊन गोदीत जायचे आणि जहाजावर चढायचे. त्या दिवसांत गोदी सुरक्षित असणे म्हणजे आपले आजी-आजोबा सुखरूप परत येणे, असा सरळ हिशेब होता. आज माणसे विमानाने जातात. पण माल आजही जहाजानेच जातो.

आता बंदराची राखण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच भिंत, काटेरी तार आणि बंदूकधारी शिपाई उभा राहतो. ही सगळी साधने हवीतच. परंतु मागच्या ऐंशी वर्षांचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बंदरात किंवा समुद्रमार्गे मोठा अनर्थ झाला, तेव्हा धोक्याची माहिती बहुधा कोणाला तरी आधीपासून होती. ती योग्य माणसापर्यंत योग्य वेळी पोहोचली नाही, किंवा पोहोचूनही तिच्यावर काही केले गेले नाही. आजच्या भाषणात मला हेच उदाहरणांनी सांगायचे आहे.

पहिले उदाहरण आपल्याच मुंबईचे. १४ एप्रिल १९४४. दुसरे महायुद्ध चालू होते. 'फोर्ट स्टिकीन' नावाचे मालवाहू जहाज व्हिक्टोरिया गोदीत उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. त्याच जहाजात कराचीहून घेतलेल्या कापसाच्या हजारो गाठी भरल्या होत्या. तेल होते, लाकूड होते, सोन्याच्या विटाही होत्या. स्फोटके असलेल्या जहाजाने लाल बावटा लावावा, म्हणजे आजूबाजूच्यांना धोका कळतो, अशी रीत होती. त्या जहाजावर लाल बावटा नव्हता. दुपारी कापसातून धूर येऊ लागला. आगीचे बंब आले, पाणी मारणे सुरू झाले. जहाज तिथेच बुडवावे की समुद्रात ओढून न्यावे, याचा निर्णय वेळेवर झाला नाही. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. गोदी उद्ध्वस्त झाली, आसपासच्या वस्त्या पेटल्या. मेलेल्यांचा अंदाज ८०० ते १,३०० असा दिला जातो. आग विझवायला गेलेले ६६ जवान त्यात होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

विचार करा, त्या जहाजात काय आहे हे कागदावर लिहिलेले होते. जहाजाच्या अधिकाऱ्यांना ठाऊक होते. परंतु शेजारच्या जहाजांवरच्या खलाशांना आणि धक्क्यावर काम करणाऱ्या हमालांना ते सांगणारी खूण कुठेच नव्हती. एक लाल बावटा ही केवढीशी गोष्ट! पण शंभर पानी कागदातली माहिती तो बावटा एका नजरेत सर्वांना वाटून देतो.

आपण म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. तर मग ७६ वर्षांनंतरची ऐका. ४ ऑगस्ट २०२० रोजी लेबनॉनची राजधानी बैरूत येथील बंदरात स्फोट झाला. दोनशेहून अधिक माणसे दगावली, हजारो जखमी झाली, लाखोंची घरे मोडली. एका नादुरुस्त जहाजातून आलेले २,७५० टन अमोनियम नायट्रेट बंदराच्या गोदामात कित्येक वर्षे पडून होते. ते लपवलेले नव्हते. कस्टमच्या अधिकाऱ्यांनी त्याबद्दल २०१४ ते २०१७ या काळात न्यायालयाकडे अनेकदा पत्रे लिहिली होती. पत्रे गेली, फायलीत लागली, आणि माल जागच्या जागी राहिला. १९४४ मध्ये माहिती सांगितली गेली नाही. २०२० मध्ये सांगितली गेली, पण ती स्वीकारून निर्णय घेणारा कोणी निघाला नाही. परिणाम दोन्हीकडे सारखाच झाला.

आता आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याकडे वळू. शाळेच्या पुस्तकात आपण वर्षानुवर्षे ७२० किलोमीटरचा किनारा शिकवीत आलो. नव्या मोजणीत हा आकडा त्याहून बराच वाढला आहे, कारण खाड्यांचे बारीक कोपरेही आता मोजले जातात. चोरट्या मालाला असेच कोपरे लागतात. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरवली गेली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोट होऊन २५७ माणसे मेली. पुढे खटल्यात कस्टम आणि पोलीस खात्यातील काही जणांनाही शिक्षा झाल्या. म्हणजे राखण करणाऱ्यांपैकीच काहींनी डोळे मिटून घेतले होते. त्यांच्याजवळची माहिती विकली गेली. यंत्र कितीही चांगले असले तरी ते चालवणाऱ्या हातात ईमान नसेल तर काय होते, ते यावरून कळते.

२००८ चे उदाहरण आणखी वेगळे आहे. कराचीहून निघालेल्या दहा जणांनी समुद्रात पोरबंदरची 'कुबेर' ही मच्छीमार बोट ताब्यात घेतली. खलाशांना ठार मारले. तांडेल अमरसिंह सोलंकी यांना मुंबईजवळ येईपर्यंत जिवंत ठेवले आणि मग त्यांनाही मारले. २६ नोव्हेंबरच्या रात्री ते लोक रबरी होडीतून कुलाब्याच्या बाजूला मच्छीमारांच्या वस्तीशी उतरले. त्यानंतर जे घडले त्यात १६६ निरपराध माणसे गेली. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते, ज्यू होते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहणारी आपल्यासारखीच साधी कुटुंबे होती. हे कृत्य करणाऱ्यांना आपल्या जमिनीत जागा देणार नाही, असे मुंबईतील बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी तेव्हा जाहीरपणे सांगितले, हेही आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

या प्रकरणातली माहिती कुठे कुठे होती, ते पाहा. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, अशा सूचना हल्ल्यापूर्वी सरकारी खात्यांकडे आलेल्या होत्या. समुद्रात 'कुबेर' आपला मार्ग सोडून भलतीकडे चालली होती. पण ती कुठे आहे हे किनाऱ्यावर बसून पाहण्याची सोयच नव्हती. वस्तीतल्या कोळी बांधवांनी त्या अनोळखी तरुणांना उतरताना पाहिले, तुम्ही कोण म्हणून विचारलेही. म्हणजे एक तुकडा दिल्लीत, एक भर समुद्रात आणि एक कोळीवाड्यात असे माहितीचे तुकडे विखुरलेले होते. ते वेळेत एकमेकांना जोडले गेले नाहीत.

येथे मी आपल्या जिल्ह्यातलेच एक उदाहरण देतो, म्हणजे विद्यार्थ्यांना मुद्दा पटकन कळेल. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी तेथे टिपल्या जातील. अशा प्रयोगशाळा अमेरिकेत दोन आहेत, इटलीत एक आहे. मग औंढ्याला आणखी एक कशाला? कारण एकट्या यंत्राला लहर आली एवढेच कळते. कोणत्या दिशेने आली हे नीट सांगता येत नाही. दूरदूरच्या ठिकाणची यंत्रे आपापल्या नोंदी एकत्र करतात, वेळेतला फरक काढतात, तेव्हा आकाशातली जागा सापडते. यंत्र कितीही महागाचे असो, ते एकटे असेल तर अर्धवट राहते. समुद्राच्या राखणीलाही हाच नियम लागू आहे.

२००८ नंतर आपल्या देशाने जे केले, ते याच धोरणाने केले. २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे देण्यात आली. किनाऱ्यालगतच्या समुद्राची जबाबदारी तटरक्षक दलाकडे आणि त्याच्या जोडीला राज्यांचे सागरी पोलीस, अशी वाटणी झाली. किनाऱ्यावर व बेटांवर पहिल्या टप्प्यात ४६ रडार ठाणी उभारली गेली. नौदल आणि तटरक्षक दलाची ५१ ठाणी एका जाळ्याने जोडली गेली आणि त्यांची माहिती दिल्लीजवळ गुरुग्रामला एका केंद्रात येऊ लागली. २३ नोव्हेंबर २०१४ रोजी तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी त्या केंद्राचे उद्घाटन केले. डिसेंबर २०१८ मध्ये तेथेच दुसरे केंद्र सुरू झाले. मित्रदेशांना हिंदी महासागरातील जहाजांची माहिती द्यायची आणि त्यांच्याकडून घ्यायची, हे त्याचे काम. २०१९ पासून सर्व किनारी राज्ये व अनेक खाती मिळून 'सी व्हिजिल' नावाचा संयुक्त सराव करतात.

या केंद्रातल्या पडद्यावर काय दिसते, ते थोडक्यात सांगतो. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरील प्रत्येक जहाजावर एक यंत्र बसवणे बंधनकारक आहे. त्याला एआयएस म्हणतात. ते यंत्र दर काही सेकंदांनी रेडिओवरून सांगत असते, की माझे नाव हे, माझा क्रमांक हा, मी अमुक ठिकाणी आहे, माझा वेग एवढा आणि तोंड या दिशेला आहे. म्हणजे जहाज स्वतःची हजेरी स्वतःच देते. आता वर्गात हजेरी घेताना एखादा मुलगा गप्प बसला तर काय होईल? त्यासाठी गुरुजींना मान वर करून बाके पाहावी लागतात. रडार ते काम करते. जहाज बोलो वा न बोलो, रडारला ते दिसते. पडद्यावर रडारचा ठिपका आहे आणि हजेरीची हाक मात्र नाही, असे झाले की तेथे लक्ष द्यायचे. मग त्या ठिकाणी गस्ती नौका किंवा विमान पाठवायचे आणि माणसाने जाऊन प्रत्यक्ष पाहायचे.

ही साखळी पुरी झालेली नव्हती, तेव्हा काय झाले याचाही दाखला आहे. ३१ जुलै २०११ रोजी मुंबईत जुहूच्या किनाऱ्यावर 'पवित' नावाचे सुमारे हजार टनांचे तेलवाहू जहाज येऊन रुतले. त्यावर एकही माणूस नव्हता. महिनाभरापूर्वी ओमानच्या बाजूला बिघाड झाल्यामुळे खलाशांनी ते सोडून दिले होते. ते जहाज वाहत वाहत अरबी समुद्र ओलांडून थेट चौपाटीवर आले आणि कोणाच्या ध्यानातही आले नाही. नशीब, ते रिकामे होते. २६/११ नंतर पावणेतीन वर्षांनी ही स्थिती होती. त्यानंतर रडारचे काम अधिक नेटाने पुढे गेले.

आता समुद्रावरून धक्क्यावर येऊ. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यानंतर जगातल्या सागरी देशांनी मिळून जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षेची एक नियमावली केली. १ जुलै २००४ पासून ती लागू झाली. तिच्याप्रमाणे प्रत्येक बंदरात आणि प्रत्येक जहाजावर सुरक्षेसाठी जबाबदार असा एक नेमलेला अधिकारी असतो. धोक्याच्या तीन पातळ्या ठरलेल्या आहेत. बंदरात शिरण्यापूर्वी जहाजाला आपण मागच्या दहा बंदरांत कुठे कुठे थांबलो, हे विचारता येते. एखाद्या पाहुण्याला दारात उभे करून आपण गाव-शीव विचारतो, तशातलाच हा प्रकार आहे.

मालाचेही तसेच आहे. आपल्या भागातल्या एखाद्या निर्यातदाराने हळदीच्या गोण्या कंटेनरात भरल्या, तर दाराला साधे कुलूप लावून भागत नाही. २०१७ पासून कारखान्यातच माल भरून पाठवणाऱ्या निर्यातदारांना इलेक्ट्रॉनिक सील लावावे लागते. त्या सीलचा क्रमांक, कंटेनरचा क्रमांक, निर्यातीच्या कागदाचा क्रमांक, बंद केल्याची तारीख व वेळ ही सर्व माहिती संगणकावर आधीच भरायची असते. कंटेनर बंदरात पोहोचला की कस्टमची माणसे यंत्राने ते सील वाचतात. सील शाबूत असेल आणि माहिती जुळली तर माल बहुधा न उघडता पुढे जातो. सील तुटलेले दिसले तर कंटेनर उघडून तपासणी होते. न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात २०१६ पासून कंटेनरांवर रेडिओ चकती लावून त्यांचा माग ठेवण्याची पद्धतही सुरू झाली. नाक्यावरून, फाटकातून कंटेनर गेला की त्याची नोंद होते आणि मालकाला आपला माल कुठे पोहोचला ते घरी बसून पाहता येते.

यात शेतकऱ्याचा फायदा काय, असे कोणी विचारील. फायदा असा, की खरी माहिती आधी दिली तर माल रखडत नाही. गोण्या उन्हापावसात पडून राहत नाहीत, भाड्याचा भुर्दंड बसत नाही. सुरक्षा आणि व्यापार यांचे भांडण आहे असे पुष्कळांना वाटते. परंतु प्रत्येक कंटेनर उघडायचा म्हटले तर बंदर चार दिवसांत तुंबून जाईल. कोणता उघडायचा आणि कोणता नाही, हे माहितीवरूनच ठरवता येते.

मात्र सगळे संगणकावर गेले की चोरही तेथेच येतो. २७ जून २०१७ रोजी जगभर एक संगणकीय विषाणू पसरला. त्याचा फटका आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका मोठ्या टर्मिनललाही बसला. कंटेनर कोणाचा, कुठे ठेवला, हे सांगणारी यंत्रणा बंद पडली. कामगारांना हाताने नोंदी करून माल हलवावा लागला. बेल्जियममधील अँटवर्प बंदरात तर अमली पदार्थांच्या टोळीने संगणकात शिरकाव करून आपल्या मालाचे कंटेनर कुठे आहेत ते शोधले आणि मालक येण्यापूर्वीच पळवले. हे २०१३ मध्ये उघडकीस आले. म्हणून माहिती वाटायची म्हणजे चव्हाट्यावर मांडायची नव्हे. ज्याला कामासाठी हवी त्यालाच, हवी तेवढीच द्यायची. आपल्या घरांत 'अमानत' हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू जशी जपायची, तशीच माहितीही जपायची. विद्यार्थ्यांनो, तुम्ही मोबाईलचा ओटीपी दुसऱ्याला देता किंवा शाळेच्या संगणकात कुठलाही पेन ड्राइव्ह घालता, तेव्हा हाच धडा तुम्ही मोडत असता.

आता मी सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्यावर येतो. तो यंत्राचा नाही, माणसाचा आहे.

समुद्र सर्वांत जास्त कोण पाहतो? नौदलापेक्षा, पोलिसापेक्षा, मच्छीमार पाहतो. कोकणच्या किनाऱ्यावर हिंदू कोळी आहेत, मुसलमान दालदी आहेत. पिढ्यान् पिढ्या त्यांचे घर समुद्रावर चालते. कोणती बोट आपली, कोणती परकी, कोणती नेहमीच्या वाटेने चालली आहे आणि कोणती वेडीवाकडी, हे त्यांना लांबून कळते. त्यांच्यासाठी आता ओळखपत्रे झाली, बोटींची नोंदणी झाली, सागरी पोलिसांसाठी १०९३ आणि तटरक्षक दलाच्या मदतीसाठी १५५४ हे फोन क्रमांक झाले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते एका योजनेची सुरुवात झाली. देशातील एक लाख मच्छीमार बोटींवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवायची, अशी ती योजना आहे. खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. या यंत्रावरून दोन्ही बाजूंनी निरोप जातो. वादळ येत आहे, तुम्ही सागरी हद्दीजवळ आला आहात, असे किनाऱ्यावरून सांगता येते, आणि संकटात सापडलेल्या तांडेलला मदत मागता येते.

मला यातली 'दोन्ही बाजूंनी' ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्याच्याकडून आपण फक्त माहिती घेतो आणि त्याला बदल्यात काही देत नाही, तो एक दिवस माहिती द्यायचे थांबवतो. सिद्धेश्वर आणि येलदरी धरणातून पाणी सोडायचे असेल तर नदीकाठच्या गावांना आधी सूचना मिळते. म्हणून काठावरचा माणूसही पाणी वाढलेले दिसताच कळवतो. तोच विश्वास किनाऱ्यावरही लागतो. रोज पहाटे बोट लावणाऱ्या माणसाला दरवेळी गुन्हेगारासारखे विचारले, कागदांसाठी तासन् तास बसवून ठेवले, तर संशयास्पद काही दिसले तरी तो सांगायला का येईल? सांगितले तर आपल्यालाच अडकवतील, अशी भीती ज्याच्या मनात आहे, तो तोंड उघडत नाही. आणि त्याने तोंड उघडले नाही, की सर्व रडारे असूनही आपण आंधळे.

येथेच मला माहिती आणि संशय यांतला फरक सांगितला पाहिजे. हा फरक आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून मी तो आडपडदा न ठेवता बोलतो. "अमुक ठिकाणी, रात्री अमुक वाजता, नंबर नसलेली बोट थांबली आणि तिच्यातून खोकी उतरवली," ही माहिती झाली. "तिथे दाढीवाला माणूस दिसला," ही माहिती नव्हे. पहिलीत कृती आहे, जागा आहे, वेळ आहे, ती तपासून पाहता येते. दुसरीत फक्त सांगणाऱ्याचे मन दिसते. नावावरून, कपड्यावरून, भाषेवरून केलेली खबर पोलिसांचा वेळ खाते, निरपराध माणसाला त्रास देते, आणि खरा गुन्हेगार त्या गडबडीत निसटतो. 'कुबेर' घेऊन येणाऱ्यांना आपण इथल्याच बोटीतले मच्छीमार दिसू, हे पुरते ठाऊक होते. वेशावर भरवसा ठेवणाऱ्याला फसवणे सोपे असते.

याचे एक चांगले उदाहरण रायगड जिल्ह्यातलेच आहे. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ एक बेवारस नौका सापडली. आत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे होती. दहीहंडीचा आदला दिवस, गणेशोत्सव तोंडावर आलेला. वृत्तवाहिन्यांवर आणि मोबाईलवर भलभलत्या वावड्या उठायला किती वेळ लागणार? परंतु स्थानिक लोकांनी नौका पाहून लगेच कळवले. पोलीस, तटरक्षक दल आणि केंद्रातील खाती यांनी एकमेकांकडे चौकशी केली. त्याच दिवशी तेव्हाचे उपमुख्यमंत्री व गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत खुलासा केला. 'लेडी हान' नावाची ती नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची होती. मस्कतहून युरोपकडे जात असता जून महिन्यात तिचे इंजिन बंद पडले, माणसांना वाचवले गेले आणि खवळलेल्या समुद्रामुळे नौका तशीच सोडावी लागली. ती वाहत आपल्याकडे आली. एका दिवसाच्या आत खरी गोष्ट लोकांपुढे आली आणि कुठल्याही वस्तीवर, कुठल्याही गावावर बोट रोखले गेले नाही. माहिती वेळेवर वाटली गेली तर ती जीव वाचवते तशी अब्रूही वाचवते.

पालकहो, म्हणून तुम्हाला माझी विनंती आहे. मोबाईलवर आलेला भीतीचा निरोप पुढे ढकलणे म्हणजे माहिती देणे नव्हे. काही खरे दिसले तर ते पोलिसांना सांगा. ऐकीव असेल तर आपल्यापाशीच थांबवा. मुलांसमोर हे करून दाखवा, म्हणजे ती शिकतील.

दुसरी विनंती मुलांच्या भवितव्याविषयी. समुद्र आपला नाही असे मानून आपली मुले या क्षेत्राकडे पाहतच नाहीत. तटरक्षक दलात नाविक म्हणून जायला बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागते. काही जागा दहावी उत्तीर्णांसाठीही असतात. तंत्रनिकेतनाची पदविका घेतलेल्यांना यांत्रिक म्हणून संधी आहे. तेथे महिला अधिकारीही आहेत, तेव्हा मुलींनी मागे राहण्याचे कारण नाही. रडार दुरुस्त करणारे, संगणकाचे जाळे सांभाळणारे, कस्टममध्ये माल तपासणारे, व्यापारी जहाजांवर काम करणारे, अशी कितीतरी माणसे या राखणीला लागतात. पालघर जिल्ह्यात वाढवण येथे सुमारे ७६,००० कोटी रुपयांचे नवे मोठे बंदर व्हायचे आहे. त्याच्या जागेवरून तेथील मच्छीमारांचे आक्षेप आहेत आणि तेही ऐकले गेले पाहिजेत. परंतु ज्या दिवशी तेथे शिकलेल्या माणसांची गरज पडेल, त्या दिवशी हिंगोलीची मुले अर्ज घेऊन उभी असावीत, असे मला वाटते. त्यासाठी आठवी-नववीपासून गणिताची भीती घालवली पाहिजे. आणखी एक सावधगिरीची सूचना. जहाजावर नोकरी लावतो म्हणून लाखभर रुपये मागणारे दलाल गावोगाव फिरतात. सरकारचा परवाना असलेल्या संस्थांचीच यादी केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर असते. ती पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. येथेही माहितीच आपली राखण करते.

मित्रहो, १९४४ मध्ये एक लाल बावटा लावायचा राहिला आणि शहराचा एक भाग जळून गेला. आज आपल्यापाशी रडार आहे, उपग्रह आहे, सील आहे, संगणक आहे. ही सगळी नव्या काळातली लाल बावट्याचीच रूपे आहेत. परंतु बावटा लावणारा माणूस प्रामाणिक हवा, पाहणारा जागा हवा आणि सांगणाऱ्याला आपले ऐकले जाईल असा भरवसा हवा. असा भरवसा निर्माण करण्याचे काम शाळांपासून सुरू होते. वर्गात एखाद्या मुलाने खरी गोष्ट सांगितली, तर त्याला चुगलखोर म्हणू नका, आणि खोटी गोष्ट पसरवली, तर तिला गंमत म्हणून सोडून देऊ नका. आपल्या संस्थेतून अशी जागी आणि खरे बोलणारी मुले बाहेर पडोत, एवढीच माझी इच्छा आहे.